काळ्या कोटातलं लाल

५ जानेवारी, रविवार

आजपासून रोजनिशी. सातवीत माझं आणि शाळेचं पटलं नाही, पण अक्षर चांगलं आहे. गठ्ठ्यांवरच्या चिठ्ठ्या मीच लिहितो.

या वर्षीचा निश्चय: आकाशाचा फोटो. चंद्राचा नाही, तो कोणीही काढतं. मृग नक्षत्रातल्या तेजोमेघाचा. धाकट्या बहिणीच्या पुस्तकात त्याचं चित्र आहे, लालभडक, पेटल्यासारखं. फोनवर म्हणाली, दादा, तुझ्याकडे एवढा मोठा कॅमेरा आहे तर काढ की. मी म्हटलं, काढतो, त्यात काय.

कॅमेरा माझ्याकडे आहे हे खरं. माझा आहे असं मी कधी म्हटलेलं नाही. तिचा तसा समज झाला असेल तर घरापासून इतक्या लांब राहून मी किती समज दुरुस्त करणार. कॅमेरा मॅडमचा आहे. मॅडमच्या कारखान्यात युनिफॉर्म शिवतात. इस्त्री, घडी आणि माल पाठवण्याआधी त्याचा उन्हात फोटो, ही माझी कामं. गिऱ्हाईक फोटो बघून हो म्हणतं, मग माल निघतो. म्हणजे एका अर्थी अख्खा कारखाना माझ्या बोटावर चालतो.

८ जानेवारी, रात्री

माझी खोली कारखान्याच्या मागच्या अंगणात. इस्त्रीचं टेबल बाहेर ओढलं, त्यावर कॅमेरा टेकवला. मृग सापडला. तीन ताऱ्यांचा पट्टा, खाली तलवार, तलवारीच्या मधोमध तेजोमेघ.

फोटोत आला राखाडी. फळ्यावर ओला हात फिरवल्यासारखा. धाकटीला पाठवला नाही.

९ जानेवारी

व्हिडिओ पाहिला. दोष माझा नाही, कॅमेऱ्याचा आहे. सेन्सरच्या पुढे एक निळसर काच असते, ती लाल उजेड अडवते. तेवढी काढली की तेजोमेघ लाल. व्हिडिओतल्या माणसाने गप्पा मारत मारत काढली. अर्धा व्हिडिओ पाहिला, मुद्दा कळला. पुढे तो लांबण लावतो.

निश्चय: कॅमेरा उघडायचा नाही. दुसऱ्याची वस्तू आहे.

११ जानेवारी

बारीक स्क्रूड्रायव्हर आणला. खोलीत असावा एक.

१२ जानेवारी, रविवार

उघडला. नुसतं बघण्यासाठी.

माझी पद्धत शास्त्रीय होती. काळ्या कापडाच्या चिंधीवर शिंप्याच्या खडूने कॅमेऱ्याची आकृती काढली. जो स्क्रू जिथला, तो आकृतीवर तिथेच ठेवला. सगळं बिनचूक चाललं होतं, तेवढ्यात शेडवाले काका आले.

काकांबद्दल लिहायला हवं. कारखान्यात ते शेड जुळवतात. म्हणजे कोटाचा काळा आणि पँटचा काळा एकमेकांना शोभतो की नाही ते बघतात. मला आधी वाटायचं काळा तो काळा. काका म्हणतात, काळ्यात हिरवट असतो, निळसर असतो, तपकिरी असतो, नुसता काळा मी अजून पाहिला नाही. खिडकीशी त्यांचं स्टूल आहे, त्यावर दुसरं कोणी बसत नाही. मॅडमसुद्धा पिशवी ठेवायची झाली तर विचारतात. रविवारी घरी सुनेच्या पायात येतो असं म्हणून ते मशिनींना तेल घालायला येतात.

काकांना चिंधी पसरलेली दिसली की घडी घातल्याशिवाय राहवत नाही. मी वळायची खोटी, त्यांनी स्क्रूंसकट घडी घातली. व्यवस्थित, चौकोनी.

काय चाललंय विचारलं. मी म्हटलं, बॅटरीची घाण पुसतोय. काका म्हणाले, मग अंधारात काय करतोस, थांब. आणि टॉर्च धरून उभे राहिले. हात अवघडला तरी हलले नाहीत. त्यांच्याच उजेडात मी काच काढली. खोटं बोललो हे मान्य. पण सेन्सर आणि बॅटरी एकाच डब्यात असतात, त्यामुळे फार खोटं नाही.

स्क्रू अंदाजाने लावले. कॅमेरा चालू झाला. ट्यूबलाइटखाली फोटो पहिल्यासारखाच. म्हणजे कोणाला काही कळणार नाही. मुळात कळण्यासारखं काही केलेलंच नाही.

१३ जानेवारी

उन्हात फोटो गुलाबी येतो. भिंत गुलाबी, मी गुलाबी, दोरीवरची चादर गुलाबी. दुपारी जेवण गेलं नाही.

संध्याकाळी उपाय सापडला. पांढरा कागद दाखवून कॅमेऱ्याला सांगायचं की बाबा, पांढरं म्हणजे हे. तो ऐकतो. भिंत पुन्हा भिंतीसारखी. शाळेत मला असं कोणी नीट समजावून सांगितलं असतं तर मी आज कुठे असतो.

१७ जानेवारी

स्वयंपाक्यांच्या पांढऱ्या कोटांचा फोटो गेला. गिऱ्हाईक खूश. निश्चय: आता मनाला लावून घ्यायचं नाही.

३० जानेवारी

मिळाला. तेजोमेघ. लाल.

बरेच छोटे छोटे फोटो काढले आणि ऑफिसच्या कॉम्प्युटरवर एकावर एक चढवले. कॉम्प्युटर संध्याकाळी रिकामाच असतो, आणि मशीन रिकामं ठेवलं की बिघडतं. लाल ठिपका नखाएवढा आहे, पण आहे. धाकटीला पाठवला. तिने विचारलं, दादा, लेन्सवर शाई सांडली का. तिला मोठा करून दाखवायला हवा.

काकांना दाखवला. बराच वेळ बघत बसले. म्हणाले, हा लाल तिथे वर आहे? मी म्हटलं, आहे. काका म्हणाले, मला तर तिथे काळंच दिसतं. मग मोबाइल घेऊन शिंप्यांमध्ये सगळीकडे फिरले. याला काळ्यात लाल दिसतं म्हणून सांगत होते. तेव्हापासून मला सगळे शास्त्रज्ञ म्हणतात. मी नको नको म्हणतो, पण हळू आवाजात.

४ फेब्रुवारी

बँडवाल्यांची ऑर्डर तयार. काळे कोट, काळ्या पँटी. कोटाचं कापड वेगळं, पँटचं वेगळं. काकांनी एकेक जोडी हाताने लावली. मी आधी कागद दाखवला, मग उन्हात फोटो काढून बँडमास्तरांना पाठवला. फोटो स्क्रीनवर नीट पाहिला नाही. ऊन होतं.

५ फेब्रुवारी

बँडमास्तरांचा फोन मॅडमना आला, पण आवाज इस्त्रीच्या टेबलापर्यंत येत होता. कोट मरून रंगाचे, पँट काळी, आमचा बँड आहे की सर्कस, असं विचारत होते.

मॅडमनी कॉम्प्युटरवर फोटो उघडला. कोट मरून होते. लाल वाइनसारखे.

काकांना बोलावलं. काकांनी एक कोट, एक पँट उचलून खिडकीशी धरली, मग अंगणात नेली, मग परत खिडकीशी आणली. म्हणाले, मला दोन्ही सारखेच दिसतात. मॅडम म्हणाल्या, मलाही सारखेच दिसतात, पण मला कुठे कळतं, म्हणून तर तुम्हाला ठेवलंय. फोटो उन्हातला आहे, काका. कॅमेरा कशाला खोटं बोलेल?

काका फोटोकडे बघून म्हणाले, तेच तर. मला सारखे दिसतात, याचीच आता भीती वाटते.

मी चादरीला इस्त्री करत होतो. चादर कारखान्याची नव्हती, माझीच होती. कॅमेऱ्याचा यात संबंध नाही. पांढरे कोट पांढरे आले होते की नाही?

५ फेब्रुवारी, रात्री

व्हिडिओचा उरलेला अर्धा भाग पाहिला. ती काच फक्त लाल अडवत नाही, लालच्या पलीकडचा, डोळ्याला न दिसणारा उजेडही अडवते. काच काढली की उन्हात काही काळी कापडं कॅमेऱ्याला मरून दिसतात. काही दिसत नाहीत, ती काळीच राहतात. कापडावर आहे. कोणीतरी अशा व्हिडिओंमध्ये महत्त्वाचं आधी सांगायचा कायदा करायला हवा.

उद्या सकाळी पहिलं काम: मॅडमना सांगणं.

६ फेब्रुवारी

मॅडम सकाळी गडबडीत होत्या.

दुपारी जेवत होत्या. जेवताना माणसाला असलं काही सांगू नये.

संध्याकाळी मोकळ्या होत्या, पण खूश दिसत होत्या. कशाला.

दरम्यान कारखान्यात नवलच. आता अर्ध्या शिंप्यांनाही कोट मरून दिसू लागलेत. काज करणारा म्हणाला, मला आधीपासूनच जरा लालसर वाटत होते, पण वडीलधाऱ्या माणसाला कसं बोलणार. कटिंग मास्टर डोळा बारीक करून म्हणाला, आहे, आहे, छटा आहे. मी स्वतः कोट उन्हात धरला. शपथेवर सांगतो, मलाही थोडा मरून वाटला.

१० फेब्रुवारी

काका डोळ्यांच्या डॉक्टरकडे जाऊन आले. डॉक्टर म्हणाले, वयाच्या मानाने ठीक आहे, मोतीबिंदूची जेमतेम सुरुवात आहे, आज काही करायला नको. पहिलं वाक्य काकांना ऐकूच आलं नाही. मोतीबिंदू तेवढा ऐकला.

परत आले ते सरळ मॅडमकडे गेले. म्हणाले, माझी नजर गेली, लोकांचे कोट मी बिघडवणार नाही. मॅडम म्हणाल्या, अहो काका, घाई काय आहे. काका म्हणाले, घाई नाही, लाज आहे. आता ते मागच्या बाकावर दोरे कातरतात आणि बटणं जुळवतात. बटणं पांढरी आहेत.

मी दिवसभर त्या बाकाकडे पाठ करून इस्त्री केली. पण एक बाजू अशी की काकांनी आयुष्यभर उभं राहून ताग्यांमागून तागे बघितले. या वयात बाकावर बसून काम मिळणं वाईट नाही. पाठीला आराम.

११ फेब्रुवारी

झालं ते असं. मॅडमनी विचारलं, मग शेड कोण बघणार? काका म्हणाले, आपला शास्त्रज्ञ. त्याला आभाळातलं लाल दिसतं, जे मला सांगूनही दिसत नाही. त्याला कोटातलं दिसणार नाही?

मी म्हणालो, नको. मॅडम म्हणाल्या, बघा, किती नम्र आहे.

बँडवाल्यांच्या जोड्या पुन्हा लावायचं पहिलं काम मला दिलं.

१३ फेब्रुवारी

योजना. काच परत बसवायची. कॅमेरा पहिल्यासारखा, फोटो पहिल्यासारखा, कोट काळे, काका स्टूलवर. कोणाला काही सांगायची गरजच नाही. इतकं सोपं आहे हे आधी सुचलं कसं नाही.

१४ फेब्रुवारी

आतली एक पट्टी तुटली. कागदासारखी पातळ असते. उघडतानाच आवाज आला, फार छोटा. कॅमेरा आता चालू होत नाही. आतला लाल दिवासुद्धा लागत नाही.

मॅडमना सांगितलं, कॅमेरा गेला. मॅडम म्हणाल्या, जाऊ दे, जुनाच होता, माझ्या फोनने काढ. त्या इतक्या चटकन म्हणाल्या की खरं सांगायला जागाच उरली नाही.

१५ फेब्रुवारी

बँडवाल्यांच्या जोड्या मी पुन्हा लावल्या. म्हणजे, लावल्या नाहीत. काकांनी लावलेल्या होत्या तशाच ठेवल्या, फक्त गठ्ठ्यांच्या गाठी सोडून नव्या मारल्या. बरोबरच होत्या, मग हलवायच्या कशाला.

मॅडमच्या फोनने फोटो. काळे कोट, काळ्या पँटी. बँडमास्तरांचा लगेच फोन, याला म्हणतात नजर. मॅडमनी सगळ्यांना बोलावून माझं कौतुक केलं. टाळ्या वाजवल्या. सगळ्यात आधी काकांनी वाजवल्या. मग बाकावरून उठून आले, पाठीवर हात ठेवला आणि म्हणाले, माझ्या हातून जे बिघडलं ते तू सावरलंस.

कोणाच्या तरी हातची इस्त्री अंगावर पडली असती तर बरं झालं असतं.

१६ फेब्रुवारी, रविवार

सांगितलं. सगळं. मॅडमना नाही, काकांना. सुरुवात तरी झाली.

ते मशिनींना तेल घालत होते. मी म्हटलं, काका, तुमची नजर ठीक आहे. मी कॅमेऱ्यातली काच काढली होती, म्हणून कोट मरून आले. काका हसले. म्हणाले, पोरा, मी स्वतः टॉर्च धरला होता. तू बॅटरी पुसलीस, मी बघितलं की. मी म्हटलं, ते खोटं होतं. काका म्हणाले, नाही, हे खोटं आहे. म्हाताऱ्याला बरं वाटावं म्हणून स्वतःवर घेतोस. मी म्हटलं, मी जोड्या बदलल्याच नाहीत, तुमच्याच आहेत. काका म्हणाले, तुला कळलं नसेल. हात आपोआप बरोबर जोडीकडे जातो. मलाही सुरुवातीला कळायचं नाही.

मग चष्मा काढून पुसला. म्हणाले, माझ्या मुलानेही माझ्यासाठी इतकं केलं नाही.



असो. माझ्या बाजूने मी सांगितलं आहे. सांगणं माझं काम, पटणं त्यांचं.

२० फेब्रुवारी

नवी ऑर्डर. हॉटेलच्या वाढप्यांची काळी जाकिटं आणि काळ्या पँटी. मी स्टूलवर. समोर तागे. सगळे काळे.

तासभर बघितले. काळ्याशिवाय काही दिसलं नाही. मग फार वेळ बघितल्यामुळे सगळे जांभळे दिसायला लागले.

युक्ती केली. दोन तुकड्यांवर बटण ठेवून काकांकडे गेलो. म्हटलं, काका, हे बटण शोभतं का? मनात हे की खालचं कापड बघतील आणि चेहऱ्यावरून कळेल. काकांनी बटण उचललं आणि तोंड भिंतीकडे केलं. म्हणाले, कापड झाक. मी बघितलं तर काहीतरी बोलेन, आणि तुझी चांगली नजर बिघडेल.

शेवटी जे दोन तागे हाताला जवळ होते ते निवडले. हात आपोआप जातो म्हणतात.

२ मार्च

घरी फोन. धाकटी म्हणाली, आईने शेजारी सांगितलंय की तू रंगाचा तज्ज्ञ झालास. आईला ते काकांनी सांगितलं. आईचा नंबर त्यांनी कुठून मिळवला देव जाणे. धाकटीने विचारलं, दादा, तो लाल मेघ अजून मोठा काढणार होतास ना. मी म्हटलं, आता मृग लवकर मावळतो.

हे खरं आहे. एप्रिलपर्यंत तो दिसेल हेही खरं आहे, पण तिने ते विचारलं नाही.

७ मार्च

हॉटेलचा सगळा माल परत आला. मॅडमच्या फोनमधल्या फोटोत ठीक दिसला होता, पण वाढपी ते कपडे घालून उन्हात उभे राहिले आणि मालकाने हात जोडले. जाकिटं हिरवट, पँटी तपकिरी. मॅडमनी खोकं उघडलं आणि दारातूनच त्यांना दिसलं. काज करणाऱ्यालाही दिसलं. यावेळी मलाही दिसलं.

तेव्हा मी मॅडमना सांगितलं. उभ्या उभ्या, सगळ्यांसमोर, एका दमात. काच, पट्टी, बँडचे कोट, नुसत्या बदललेल्या गाठी. म्हटलं, काकांची काहीच चूक नव्हती, त्यांना स्टूलवर बसवा, मला काढा. आयुष्यात पहिल्यांदा काही पूर्ण केलं.

मॅडमनी ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, चूक झाली की कॅमेऱ्यावर ढकललीस. तोही बंद पडलेल्या. मी म्हटलं, अहो, खरंच. मॅडम म्हणाल्या, काकांकडून काही शिक. त्यांच्या हातून चूक झाली तेव्हा त्यांनी कॅमेऱ्याचं नाव घेतलं नाही. सरळ स्वतःवर घेतली आणि उठून बाकावर गेले.

मी काकांकडे बघितलं. त्यांनी मान हलवली, तू काही बोलू नकोस अशी.

८ मार्च

मॅडम मला काढणारच होत्या. काका मध्ये पडले. म्हणाले, पोर घाबरलं म्हणून काहीबाही बोललं. नजर आहे त्याला, पिकायला वेळ लागतो. मला जमायला वर्षं गेली. त्याला स्टूलवर राहू द्या, हवं तर त्या मालाचा दोष माझ्या नावावर लिहा. मॅडम कशाबशा हो म्हणाल्या.

सोमवारी नवे तागे येतायत. काळे.

संध्याकाळी काकांनी स्टूलवर घरून आणलेली उशी ठेवली. म्हणाले, लाकूड कडक आहे, सुरुवातीला टोचतं.

उशी चांगली मऊ आहे. हात लावून बघितला. बसलो नाही अजून.